मंगळवारचं पातळ दूध

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला शाळेच्या मागच्या मोरीत एक अख्खा कॅन दूध ओतलं गेलं, आणि बालवर्गातली चाळीस मुलं खिडकीच्या गजांना नाक लावून ते बघत राहिली.

ओतणारे गृहस्थ पालक समितीचे अध्यक्ष होते. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान असल्यामुळे लहानथोर सगळे त्यांना औषधवाले म्हणत. कॅन पालथा करून झाल्यावर त्यांनी खिशातून लॅक्टोमीटर काढला, म्हणजे दुधात पाणी आहे का ते सांगणारी काचेची नळी, आणि ती स्वयंपाकघराच्या दारावर रोखली.

"सव्वीस! अठ्ठावीसच्या खाली आलं की पाणी. सकाळी फाटकावर तीस आणि दोन तासांनी इथे सव्वीस. मधल्या वेळात मागच्या व्हरांड्याची किल्ली कुणाकडे असते, ते सगळ्यांना माहीत आहे."

दारात शाळेची स्वयंपाकीण उभी होती. अकरा वर्षं तिच्या हातात पळी पाहिल्यामुळे मुलं तिला पळीमावशी म्हणत. एरवी ती सहा वर्गांना एका हाकेत गप्प करायची. त्या दिवशी मात्र तिने पळी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन भाजी चिरायला बसली.

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आपल्या मामांच्या घरी आल्या. मामा म्हणजे थेंबकाका. दूध संकलन केंद्रावर चाळीस वर्षं दूध तपासण्यात गेलेली, त्यामुळे अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब घेऊन तो कसा ओघळतो हे बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. गंमत म्हणजे ज्या दुधावर संसार झाला, ते त्यांना स्वतःला पचत नव्हतं. कपभर पोटात गेलं की दुपारपर्यंत आत बँड वाजायचा.

"मामा, शुक्रवारी बारा वाजता समितीची बैठक आहे," भाची म्हणाली. "मावशींना काढणार. आणि दूधही बंद करणार. त्याऐवजी डब्यातली शक्तीची पावडर पाण्यात कालवून द्यायची म्हणताहेत."

"पावडर कुणाच्या दुकानातली?"

"कोपऱ्यावरच्याच," भाची चहाच्या कपात बघत म्हणाली.

"बरं. ते ओतलेलं दूध थोडं तरी ठेवलंय का?"

"सगळं ओतलं. पेलाभरसुद्धा नाही."

"शहाणा माणूस!" थेंबकाका चिडून म्हणाले. "पुरावा मोरीत घातला आणि आरोप मात्र ठेवला."

"आकडे लिहून ठेवलेत त्यांनी. दोन आठवड्यांपूर्वी तपासायला लागले. पहिल्या मंगळवारी अठ्ठावीस, शुक्रवारी साडेसत्तावीस, मग सत्तावीस, साडेसव्वीस, आणि आज सव्वीस. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि फक्त बालवर्गाचा लहान कॅन. मोठे दोन कॅन रोज तीस."

थेंबकाकांनी खुर्ची पुढे ओढली. चाळीस वर्षांत त्यांनी पाणी घालणारे पुष्कळ पाहिले होते. हात सरावला की ते जपून घालत, पकडलं जाऊ नये म्हणून कमी घालत. तपासणी सुरू झाल्यावर दर खेपेला जास्त पाणी घालणारा चोर त्यांनी एकही पाहिला नव्हता.

२

बुधवारी सकाळी ते शाळेत पोचले तेव्हा दूध नुकतंच आलं होतं. मागच्या व्हरांड्यात सिमेंटची एक हौदी होती, तिच्यातल्या गार पाण्यात तिन्ही कॅन मानेपर्यंत बुडवून ठेवत. आठ ते दहा दूध तिथेच थांबे. मग मावशी ते आत नेऊन उकळत. व्हरांड्यात तीन दारं उघडत होती. एक स्वयंपाकघराचं, एक खेळाच्या सामानाच्या खोलीचं आणि एक वाचनखोलीचं. बाहेरच्या जाळीच्या दाराला तेवढं कुलूप असे.

थेंबकाकांनी आधी आपल्या थर्मामीटरने दुधाची उष्णता पाहिली, कारण कोमट दुधात लॅक्टोमीटर हटकून खोटं बोलतो. पण दूध छान गार होतं. आकडा तीस. आज बुधवार होता, आज सगळं सरळच असणार होतं.

पळीमावशी गाजरं चिरत होत्या. थेंबकाका समोरच्या स्टुलावर बसले.

"मावशी, मी तुमच्यावर संशय घ्यायला आलेलो नाही."

"घ्या की. सगळ्यांनी घेतलाय, तुम्ही एकटे कशाला उपाशी राहता?" मावशींनी सुरी थांबवली नाही. "अकरा वर्षं झाली, काका. कुणाचं पोर काय खात नाही, कुणाला काय बाधतं, मला तोंडपाठ आहे. आता आया पोरांना माझ्यासमोर विचारतात, आज दूध पातळ होतं का रे? मी तिथेच उभी असते."

त्यांचे डोळे भरून आले, पण गाजरांकडे बघूनच.

"लहान कॅनमध्ये दूध किती येतं?"

"बारा लिटर. आत खूण आहे."

"मंगळवारी त्यांनी ओतलं तेव्हा किती होतं?"

मावशींनी आता सुरी थांबवली. "खुणेच्या वर होतं. चांगलं चार बोटं वर. तेच तर ते ओरडत होते, बघा, पाणी घातलंय म्हणून वर आलंय."

"आणि काढलं कुणी नव्हतं?"

"काढलं असतं तर वर कसं येईल?"

"तेच म्हणतो मी. मावशी, पाणी घालणारा माणूस आधी दूध काढतो आणि जागा भरायला पाणी घालतो. दूध जसंच्या तसं ठेवून वर पाणी ओतणारा चोर कसला? त्याला मिळालं काय?"

मावशी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघायला लागल्या. मग जुनं गाऱ्हाणं आठवावं तशा म्हणाल्या, "मला तर त्या दोन दिवसांचा वैताग आलाय. दोन महिने झाले, मंगळवार-शुक्रवार आले की बालवर्गाचे पेले दोन-दोनदा घासावे लागतात. साबण पुरत नाही. आणि माझी पळी! खिळ्यावरून काढावी तर आधीच चिकट. मी म्हटलं, खेळाचे सर चेंडूंना तेल लावून हात पुसत असतील."

थेंबकाका ताडकन उठले आणि मागच्या मोरीपाशी गेले. जाळीच्या कडेला पिवळट पांढरा थर बसला होता, गारठ्याने घट्ट झालेला. त्यांनी तो नखाने खरवडला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. बोटं तुळतुळीत झाली.

"मावशी," ते तिथूनच ओरडले, "तुमची सुटका कालपासून या मोरीत पडून आहे! त्या दुधात पाण्याचा थेंबही नव्हता!"

३

"साय?" भाची उडालीच. "पण मामा, यंत्र तर पाणी दाखवत होतं!"

"यंत्र फक्त दूध जड की हलकं एवढं सांगतं. पाणी दुधापेक्षा हलकं. पण साय त्याहूनही हलकी. म्हणून तर ती वर येते ना! पाणी घाल नाहीतर साय ओत, नळी खालीच बुडणार. आमच्या केंद्रावर नवीन आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात इथे फसायची. दोन महिने कुणीतरी चोरून साय ओततंय. घालणाऱ्याची चोरी! जन्मात अशी चोरी पाहिली नाही."

पण कोण? आणि चोरून का? शुक्रवारी बैठकीत नुसतं 'साय होती' म्हणून भागणार नव्हतं. औषधवाले विचारणार, कुणी घातली? आणि उत्तर नसलं तर बोट पुन्हा मावशींकडेच वळणार.

खेळाचे सर सामानाच्या खोलीत दोऱ्या गुंडाळत होते. किल्ली त्यांच्याकडेही असे.

"खरं सांगू का काका, दूध बंद झालं तर मला आनंदच आहे," ते मोकळेपणाने म्हणाले. "दुधाने कफ होतो. पोरं दूध पिऊन धावायला आली की दम लागतो."

"दूध न पिता धावली की नाही लागत?"

सर विचारात पडले. "तसा तेव्हाही लागतो."

"मंगळवारी-शुक्रवारी साडेआठ ते दहा कुठे असता?"

"मैदानावर. मोठ्या वर्गांची कवायत. पोरांना विचारा, माझी शिट्टी अख्ख्या गल्लीला ऐकू जाते."

शिट्टी थेंबकाकांनीही ऐकली होती. माणूस सायीवर खर्च करणारा वाटत नव्हता. त्याला सायीचा उल्लेखसुद्धा सहन झाला नसता.

मग ते वाचनखोलीत डोकावले. मुलांच्या उंचीच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं होती. चाळायला म्हणून त्यांनी एक काढलं. हत्तीच्या चित्रावर तळहाताएवढा डाग होता आणि त्यातून मागच्या पानावरचा उंट आरपार दिसत होता. त्यांनी डागाचा वास घेतला, पुस्तक मिटलं आणि जागेवर ठेवलं.

गवळी दुपारी त्याच्या गोठ्यावर भेटला. तो आधीच धास्तावला होता.

"काका, माझ्यावर आणू नका. फाटकावर शिपायाच्या देखत आकडा घेतो मी."

"तुझं दूध चोख आहे. मला सांग, साय विकतोस का?"

"विकतोस का म्हणजे?" गवळ्याने कपाळाला हात लावला. "सायीचं करू काय, हा माझा प्रश्न आहे! सगळ्यांना साय काढलेलं दूध पाहिजे. चरबी, चरबी करून लोकांनी डोकं खाल्लंय. यंत्रातून दूध काढतो आणि साय उरते. बहुतेक बेकरीवाला नेतो."

"आणि बाकीची?"

"औषधवाल्यांच्या आई नेतात थोडी. आठवड्यातनं दोनदा, स्वतः येतात पहाटे फिरायला निघाल्या की. घरी तूप कढवतात म्हणाल्या. आधी लहान डबा आणायच्या, हल्ली मोठा आणतात." गवळी हसला. "तूप चांगलं उतरत असेल."

थेंबकाका हसले नाहीत. ज्या घरातून आरोप आला होता, त्याच घरातून साय निघत होती. आपल्या पावडरीचे डबे खपावेत म्हणून औषधवाल्यांनी स्वतःच्या आईला कामाला लावलं असेल का?

४

गुरुवारी दुपारी थेंबकाका औषधवाल्यांच्या घरी जाऊन बसले. निमित्त सरळ होतं: बैठकीआधी आकड्यांची वही बघायची.

औषधवाल्यांनी वही दिली, चहाही दिला. चहात साय काढलेलं निळसर दूध इतकं थोडं होतं की कपाचा तळ दिसत होता. शेजारच्या पाटावर त्यांची पाच वर्षांची मुलगी कोरडा पाव कुरतडत बसली होती. हातपाय काडीसारखे, म्हणून सगळे तिला काडीच म्हणत. कोपऱ्यात औषधवाल्यांच्या आई पुस्तकांना कागदी वेष्टणं घालत होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या शाळेच्या वाचनखोलीत बालवर्गाला गोष्टी सांगायला जात. शाळेत त्यांना गोष्टीची आजी म्हणत.

"काका, या घरात तीन वर्षांत तुपाचा थेंब आलेला नाही," औषधवाले म्हणाले. "लोणी नाही, साय नाही. आमचे वडील गेले ना, छाती धरून, या इथेच, याच खुर्चीत. डॉक्टर त्यांना सांगून थकले होते, तूप सोडा म्हणून. मी त्या दिवशी ठरवलं, या घरात पुन्हा हे विष येणार नाही."

बोलताना ते त्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होते. थेंबकाकांनी खिशात ठेवलेला राग थोडा बाजूला सारला. हा माणूस आईला सायीचा डबा घेऊन पाठवणारा नव्हता. हा साय दिसली असती तर खिडकीतून फेकणारा होता.

"अहो, पण ते साठीचे होते," थेंबकाका म्हणाले. "ही पाच वर्षांची आहे. वाढतं अंग."

"चरबी ती चरबी! तिच्यासाठीच तर पावडर."

काडीने पावाचा तुकडा पाटाखाली सरकवला. "मला शाळेतलं दूध आवडतं," ती थेंबकाकांना हळूच म्हणाली. "गोष्टीच्या दिवशीचं जास्त."

कोपऱ्यात कात्री खाली पडली. आजींनी ती उचलली आणि पुन्हा वर पाहिलंच नाही.

थेंबकाका चहा अर्धा टाकून उठले. त्यात दूध इतकं नावापुरतं होतं की त्यांच्या पोटानेही तक्रार केली नव्हती. चालता चालता त्यांनी सगळं जुळवून पाहिलं. घरात तूप येत नाही, मग गवळ्याकडची साय तुपासाठी जात नाही. ती साय नेणारी बाई मंगळवारी-शुक्रवारी वाचनखोलीत असते. वाचनखोलीचं दार हौदीकडे उघडतं. पुस्तकांच्या पिशवीत डबा कलंडला की हत्तीवर डाग पडतो. आणि लहान कॅन बालवर्गाचा, म्हणजे नातीचा.

एकच गोष्ट बसत नव्हती. मावशींवर आळ आल्यावरही ही बाई गप्प का राहिली? उलट दर खेपेला साय वाढवत का गेली? वरून इतकी मायाळू दिसणारी ही आजी दुसऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊन नातीला साय पाजत होती की काय?

हा विचार त्यांना अजिबात आवडला नाही.

५

शुक्रवारी पावणेनऊला कवायतीची शिट्टी वाजली. मावशी पुढच्या बाजूला भाजी निवडत होत्या. थेंबकाका वाचनखोलीतल्या कपाटामागे, बालवर्गाच्या वीतभर उंच खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसले होते. अशा खुर्चीत बसून माणसाला रुबाब ठेवता येत नाही, पण इलाज नव्हता.

आजी आल्या. त्यांनी पिशवीतून तीन पुस्तकं काढली आणि त्यांच्याखालून स्टीलचा मोठा डबा. दार लोटून त्या हौदीपाशी गेल्या, खिळ्यावरची पळी काढली, लहान कॅनचं झाकण उघडलं. साय जाड धारेने दुधात पडली. त्या अगदी मन लावून ढवळत होत्या.

"ताई," थेंबकाका दारातून म्हणाले.

आजींच्या हातातून पळी सुटली आणि हौदीत पडली.

"मी चोर नाही हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "घरात त्या पोरीला सायीचं बोटसुद्धा चाखवता येत नाही. तिची हाडं मोजता येतात. म्हटलं, शाळेत तरी जाऊ दे पोटात. एकटीला देणं बरं दिसत नाही, म्हणून सगळ्या कॅनलाच. चाळीस लेकरं, सगळी आपलीच."

"आणि मावशींवर आळ आला तेव्हा?"

"त्या बाईचं मला नवल वाटतं!" आजी एकदम तावाने म्हणाल्या. "बालवर्गाच्या दुधात पाणी घालायचं म्हणजे काय! लेक संध्याकाळी घरी येऊन आकडा सांगायचा. अठ्ठावीस. साडेसत्तावीस. माझं काळीज तुटायचं. म्हटलं, ती पाणी घालते तर घालू दे, आपण भरपाई करू. मोठा डबा आणला. तरी आकडा खालीच! केवढं पाणी घालते ती बाई, काका! आज तर मी डबा काठोकाठ भरून आणलाय."

थेंबकाकांचे खांदे हलायला लागले. ते हौदीच्या कठड्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन आठवडे एकाच छपराखाली मायलेक झुंजत होते. लेक आकडा सांगायचा, आई साय वाढवायची. साय वाढली की आकडा उतरायचा, आणि दोघेही त्या बिचाऱ्या मावशींना शिव्या घालायचे.

"हसता काय?" आजी दुखावल्या.

थेंबकाकांनी डोळे पुसून सगळं समजावलं. नळी दूध घट्ट की पातळ ते सांगत नाही, हलकं की जड ते सांगते. साय हलकी. पाणी घालणारं कधी कुणी नव्हतंच.

आजी भिंतीला टेकल्या.

"म्हणजे मंगळवारी ते दूध मोरीत गेलं ते माझ्यामुळे. आणि त्या बाईची नोकरी..." हौदीत हात घालून त्यांनी पळी बाहेर काढली, पदराने कोरडी केली, खिळ्याला अडकवली.

"बैठकीत मी नाव घेणार नाही," थेंबकाका म्हणाले. "साय होती एवढंच सिद्ध करतो. पुढचं तुम्ही ठरवा. मात्र कुणी घातली ते कळल्याशिवाय मावशींवरचा डाग पुरता जायचा नाही."

आजींनी कॅनचं झाकण लावलं. "तीन वर्षं मी माझ्या लेकाशी खरं बोललेली नाही, काका," त्या म्हणाल्या. "त्याचा बाप गेल्यापासून त्याला दुखवायचीच भीती वाटते."

६

बारा वाजता स्वयंपाकघरात समिती जमली. बैठक एरवी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत व्हायची, पण थेंबकाकांनी हट्ट धरला होता, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आज दूध न उकळता हौदीत राखून ठेवलं होतं. मावशी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी आज धुवट साडी नेसली होती आणि कपाटाच्या किल्ल्या जुडग्यासकट टेबलावर काढून ठेवल्या होत्या, मागायला लागू नयेत म्हणून.

औषधवाल्यांनी लहान कॅनमधलं दूध उभ्या काचेच्या भांड्यात घेतलं. नळी गटकन खाली गेली.

"पंचवीस!" ते म्हणाले. "आता बोला!"

"बोलतो," थेंबकाका म्हणाले. त्यांनी मोठ्या कॅनमधलं दूध दोन भांड्यांत घेतलं. दोन्हीकडे नळी तीसवर थांबली. मग एकात नळाचं पाणी ओतलं. नळी पंचवीसवर आली. दुसऱ्यात गवळ्याकडून आणलेली साय ओतून ढवळली. नळी उतरत उतरत पंचवीसवरच येऊन थांबली.

औषधवाले वाकून बघत होते.

"आता तिन्हींचा एक-एक पेला भरतो आणि ओततो." पाण्याचा पेला जवळजवळ स्वच्छ निघाला. सायीच्या पेल्याला आतून जाड पांढरा थर चिकटून राहिला. आणि बालवर्गाच्या कॅनमधल्या दुधाच्या पेल्यालाही अगदी तसाच थर.

"मावशी दोन महिने हेच पेले दोनदा घासताहेत," थेंबकाका म्हणाले. "पाण्याने पेला तेलकट होत नाही, साहेब. तुम्ही मंगळवारी मोरीत ओतलं ते या शाळेतलं सगळ्यात सकस दूध होतं."

"साय?" औषधवाल्यांच्या कपाळावर घाम आला. "बालवर्गाच्या दुधात साय? माझी मुलगी पिते ते! कुणी घातली?"

थेंबकाका नळी पुसत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"मी," दारातून आजी म्हणाल्या.

त्यांच्या हातात रिकामा डबा होता आणि मागे पदराला धरून काडी.

"आई?"

"मी घातली. चोरून घातली, कारण माझ्याच घरात सायीचं नाव काढायची चोरी आहे. तू पाणी म्हणायचास तेव्हा मी आणखी घालायचे. मला काय कळतंय यंत्रातलं? आणि तुलाही कळत नव्हतं." त्या मावशींकडे वळल्या. "बाई, मी मनातल्या मनात तुम्हाला रोज शिव्या घातल्या. मला क्षमा करा."

मावशींनी तोंडाला पदर लावला. अकरा वर्षांची सगळी ताकद लावून त्या हुंदका आवरत होत्या.

औषधवाले स्टुलावर बसले. "बाबांचं काय झालं ते तू पाहिलंस ना, आई?"

"पाहिलं. चाळीस वर्षं त्यांना वाढलं मीच, मीच पाहिलं. पण हिला बघ." आजींनी काडीला पुढे केलं. "ही जेवायला घाबरते रे. प्रत्येक घासाला विचारते, आजी, यात विष आहे का? भूक लागलेलं पोर असं विचारतं का कधी?"

औषधवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

थेंबकाकांनी नळी टेबलावर ठेवली. "ऐका माझं. तुम्ही सायीला विष म्हणता, ताई अमृत म्हणतात. सर म्हणतात कफ. दूध बिचारं नुसतं दूध आहे. उद्यापासून जसं येतं तसं द्या. वर साय नको, खाली पाणी नको, डब्यातली पावडर तर नकोच. आणि वर्गात माझ्यासारखी पोटं असलेली दोन-चार पोरं असतील, त्यांना केळं द्या, अंडं द्या. हिचं वजन डॉक्टरांकडून बघून घ्या, शेजारणीकडून नको. बाकी तिला भीती न घालता जेवू द्या, म्हणजे झालं."

मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि मावशींच्या हातात ठेवला.

औषधवाले उठले. ते मावशींसमोर जाऊन उभे राहिले. "मावशी, मी सगळ्यांच्या देखत... आता सगळ्यांच्याच देखत सांगतो, चूक माझी. त्या मोरीवर उभं राहून, खिडकीतल्या पोरांनाही सांगतो. अजून काय करू, ते तुम्ही सांगा."

मावशींनी डोळे पुसले. मग त्यांनी एकदा भरलेल्या लहान कॅनकडे पाहिलं आणि एकदा औषधवाल्यांच्या कडक इस्त्रीच्या बाह्यांकडे. दोन महिन्यांचा सगळा वैताग आणि अकरा वर्षांचा हक्क त्यांच्या आवाजात परत आला.

"पोरं जेवायला बसतील आता. हे दूध वाया जाऊ देणार नाही मी. पण आज चाळीस पेले तेलकट होणार आहेत." त्यांनी घासणी त्यांच्या हातात दिली. "बाह्या वर करा. दोनदा घासायचे."

काडी खुदकन हसली आणि बापाची बाही स्वतःच वर दुमडायला लागली.